टाचेत एक नाही, तीन दुखणी आहेत

सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने विचारलं आहे. वय ४८. चार वर्षांपूर्वी उजवी टाच दुखायला लागली. एक्स-रे काढला आणि 'हाड वाढलंय' असं निदान झालं. मग सिलिकॉनच्या टाचा, गोळ्या, आणि दोन वर्षांत टाचेत चार इंजेक्शनं. प्रत्येक इंजेक्शनानंतर महिना-दीड महिना बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. सकाळपेक्षा शाळा सुटताना जास्त दुखतं, हे त्या पहिल्यापासून सांगत होत्या. गेल्या वर्षी रात्रीची जळजळ आणि मुंग्या सुरू झाल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय आणि नसांची तपासणी केली आणि सांगितलं, की घोट्याच्या आतल्या बाजूला नस दबली आहे. आता फोनवर दिवसाला जेमतेम साडेतीन हजार पावलं दिसतात. त्यांचे प्रश्न असे: चूक कळली तरी दुखणं का जात नाही? हे आयुष्यभर असंच राहणार का? शस्त्रक्रिया करावी का? पहिल्या डॉक्टरांवरची चीड जात नाही, तिचं काय करू? आणि दरवर्षी लोणंदपासून फलटणपर्यंत पालखीबरोबर चालायचे, ते पुन्हा जमेल का?

ताई, मी २८ वर्षं हाडांचा डॉक्टर आहे आणि गेली बरीच वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांत पायाचेच रुग्ण जास्त असतात. 'हाड वाढलंय' हे मी रोज ऐकतो. टाचेच्या हाडातून पुढे आलेला तो काटा एक्स-रेवर इतका ठसठशीत दिसतो, की रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही वाटतं, सापडला चोर. पण टाच कधीच न दुखलेल्या कित्येक माणसांच्या एक्स-रेतही तो असतो, आणि टाच टेकवता येत नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेत नसतो. तो जमिनीकडे टोचतही नाही, आडवा, बोटांच्या दिशेने वाढतो. वय, वजन आणि वर्षानुवर्षांचा ताण यांची ती खूण आहे, डोक्यावरच्या पांढऱ्या केसासारखी. पांढऱ्या केसामुळे कुणाचं डोकं दुखत नाही.

टाचदुखीत सगळ्यात जास्त सापडतो तो तळपायाची कमान ताणून धरणारा जाड पट्टा, प्लांटर फॅशिया. त्याची खूण अगदी ठरलेली आहे. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-वीस पावलं जीव घेतात, मग जरा सैल पडतं. दुखणारी जागा रुग्ण एका बोटाने दाखवतो. हे दुखणं बहुतेकांचं वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बसतं. टाच दुखते म्हटलं की हाच अंदाज इतक्या वेळा बरोबर येतो, की डॉक्टरचा हात आपोआप त्याच औषधांकडे जातो. ज्यांचं दुखणं वेगळं आहे ते इथेच अडकतात.

तुमचं वेगळं होतं, आणि ते तुम्ही सांगत होतात. दिवस कलताना वाढणारं, पाय वर घेऊन पडलं तरी जळजळणारं, बोटाने दाखवता न येणारं, पूर्ण तळवा चोळून दाखवावं लागणारं दुखणं बहुतेक वेळा नसेचं असतं. घोट्याच्या आतल्या उंच हाडामागून एक अरुंद बोगदा जातो. त्यातून टिबियल नस, रक्तवाहिन्या आणि बोटं वाकवणारे स्नायुबंध एकाच दाटीत तळव्याकडे उतरतात. मनगटात कार्पल टनेल असतो तसाच हा टार्सल टनेल. हे नाव १९६२ सालापासून वैद्यकात आहे, म्हणजे निदान नवं मुळीच नाही. या नसेची एक बारीक फांदी टाचेखालून करंगळीकडे जाते, तिला बॅक्सटरची नस म्हणतात. ती दबली तर दुखणं फॅशियाच्या जागेपासून बोटभर अंतरावर असतं आणि कातडीला फारसा बधिरपणाही येत नाही. फसगत व्हायला याहून सोयीची जागा पायात दुसरी नाही.

हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. घोट्यामागे बोटाने हलके ठोके दिले की तळव्यात झिणझिण्या पळतात. फ्रान्सच्या टिनेल यांनी ही खूण १९१५ मध्ये नोंदवली. पाऊल वर आणि बाहेरच्या बाजूला वळवून काही सेकंद धरलं की नेहमीचं दुखणं जागं होतं. दोन्ही पायांच्या करंगळ्या बाहेर फाकवून पाहायच्या आणि एका पायाचं बळ दुसऱ्याशी ताडायचं. तीन-चार मिनिटांचं काम आहे, पण त्यासाठी मोजे काढायला सांगून पायाला हात लावावा लागतो. एक्स-रे खिडकीकडे धरून निदान सांगितलं, की हेच राहून जातं.

मी हे सज्जनपणाच्या उंचीवरून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका एसटी वाहकाला मी 'हाड वाढलंय' असंच सांगितलं होतं आणि दोन इंजेक्शनं दिली होती. चौथ्या भेटीत त्याने सहज विचारलं, "डॉक्टर, कंबरही पहाटे ताठते, त्याचा काही संबंध?" तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नीट तपासलं. तिशीतल्या त्या माणसाला मणक्याचा संधिवात होता आणि टाच हे त्याचं पहिलं दार होतं. त्याची जी वर्षं गेली ती माझ्या घाईत गेली. त्या दिवसापासून टाचदुखीचा माणूस आला की मी आधी पाठ, मग पोटरी, मग घोटा आणि सगळ्यात शेवटी टाच बघतो.

आता मूळ गोष्ट. तुम्ही विचारता, चूक कळली तरी दुखणं का जात नाही. कारण आज तुमच्या टाचेत एकच दुखणं राहिलेलं नाही. पहिलं नसेचं, जे सुरुवातीपासून होतं. दुसरं इंजेक्शनांनी मागे ठेवलेलं असू शकतं, टाचेखालच्या चरबीच्या गादीचं. आणि तिसरं चार वर्षांच्या दुखण्याने घडवलेलं: कमजोर झालेली पोटरी आणि हलक्या स्पर्शालाही ओरडणारी मज्जासंस्था. तिघांचे उपाय वेगळे आहेत, काही ठिकाणी तर एकमेकांच्या उलट आहेत. 'सगळं करून बघितलं, कशाचाच गुण नाही' असं जे होतं, ते पुष्कळदा यामुळेच होतं. एकाला मानवतं ते दुसऱ्याला सोसत नाही.

गादीचं आधी सांगतो, कारण तिच्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. टाचेच्या हाडाखाली साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाडीची चरबी असते. ती मोकळी नसते, मधाच्या पोळ्यासारख्या घट्ट कप्प्यांत कोंबलेली असते, म्हणून पूर्ण शरीराचा धक्का झेलूनही पसरत नाही. स्टिरॉइड त्या चरबीत उतरलं तर ती विरळ होऊ शकते, कप्पे सैल पडतात. एखाद-दुसऱ्या इंजेक्शनाने प्रत्येकाला असं होत नाही, पण चारांनंतर मी गादी तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही. खूण अशी, की टाचेच्या मधोमध, ठेचाळल्यासारखं दुखतं, अनवाणी फरशीवर सगळ्यात जास्त आणि जाड बुटात बरंच कमी. अंगठ्याने दाबलं तर थेट हाड लागल्यासारखं वाटतं. सोनोग्राफीत जाडी मोजता येते. तुमच्या एमआरआयच्या फिल्मवरही ती दिसेल, अहवालात लिहिली नसेल तर रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा. विरळ झालेली गादी पुन्हा पूर्ववत करणारं खात्रीचं औषध माझ्याकडे नाही. म्हणून टाचेत आता पाचवं स्टिरॉइड नको, कुणीही सुचवलं तरी.

गादी वाचवायची तर तिला चारही बाजूंनी आवळून धरायचं. मागून बंद, टाचेभोवती कडक कड असलेला बूट यासाठी सर्वांत चांगला, कारण तो चरबीला बाजूला पसरू देत नाही. उघड्या चपलेत, ती कितीही मऊ असली तरी, गादी कडेने बाहेर सांडते. बुटात खोलगट सिलिकॉनची वाटी घाला, सपाट तुकडा नको. फिजिओथेरपिस्टकडून टाचेला चिकटपट्टी बांधायची पद्धत शिकून घ्या. पट्टी बांधल्याबरोबर दुखणं निम्मं झालं, तर ते गादीचं असण्याची शक्यता जास्त.

घरात अनवाणी चालणं बंद करा. हे आपल्याकडे सांगायला सोपं आणि पाळायला सगळ्यात कठीण, याची मला कल्पना आहे. कोबा, शहाबादी, ग्रॅनाइट, सगळ्या आपल्या फरश्या दगडासारख्या कडक, आणि चप्पल उंबऱ्याबाहेर. घरात वापरायची चप्पल वेगळी ठेवा, ती बाहेर जाणार नाही आणि बाहेरची आत येणार नाही, म्हणजे घरातल्या मोठ्यांचीही हरकत राहत नाही. एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल यासाठी उत्तम. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी जी मऊ पादत्राणं वापरात आली, तीच ही. कृत्रिम अवयव आणि पट्टे बनवणाऱ्यांकडे मिळते, दिसायला साधी, पट्टा मागून घेता येतो. ओट्यासमोर जिथे उभ्या राहता तिथे जाड चटई घाला. देवघरात आणि मंदिरात जाड तळाचे मोजे चालतात का ते विचारा, बहुतेक ठिकाणी चालतात.

आता नसेकडे येऊ. इथे नेमकी वरच्या सल्ल्याशी ओढाताण होते. गादीला आवळणं आवडतं, नसेला दाब सोसत नाही. म्हणून बूट टाचेला घट्ट पण घोट्याच्या आतल्या बाजूला सैल हवा. घोट्याभोवती आवळणारा पट्टा, उंच कॉलरचा बूट, घट्ट इलॅस्टिकचे मोजे टाळा. कमानीखालचा कडक उंचवटा तर हमखास त्रास देतो. तुम्हाला 'हाड वाढल्या'वर जो कमानीचा आधार दिला असेल, तो नेमका नसेच्या वाटेवर दाबत असण्याची शक्यता आहे. पाय आतल्या बाजूला कलंडत असेल तर टाचेच्या आतल्या कडेला बारीक पाचर चांगली, तिने बोगद्यावरचा ताण उतरतो आणि कमान मोकळी राहते.

याच कारणाने, बर्फाची बाटली तळव्याखाली जोरात घोळवणं, टॉवेलने पाऊल खेचून धरणं, चेंडूवर उभं राहणं हे सगळं थांबवा. फॅशियाच्या दुखण्यात यांतलं बरंच उपयोगी पडतं. दबलेली नस मात्र खेचलेली आणि रगडलेली आवडून घेत नाही. तुम्ही मन लावून केलेल्या व्यायामानेच दुखणं वाढत होतं, आणि वर 'व्यायाम नीट करत नाही' असं ऐकून घ्यावं लागलं असेल तर मला वाईट वाटतं. नसेचा व्यायाम वेगळा असतो: खुर्चीत बसून गुडघा सरळ करत पाऊल वर घ्यायचं, मुंग्या येण्याच्या आधीच परत यायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. ताणून धरायचं नाही, नस नुसती मागे-पुढे सरकू द्यायची.

नसेसाठी सगळ्यात वाईट काय, तर एका जागी उभं राहणं. चालताना पोटरी पंपासारखी रक्त वर ढकलते, उभं राहिल्यावर त्या बोगद्यातल्या शिरा फुगतात आणि नसेची जागा आणखी कमी होते. म्हणून तुम्हाला परिपाठाची वीस मिनिटं दोन किलोमीटर चालण्यापेक्षा जड जात असतील. मुख्याध्यापकांना हे कारण स्पष्ट सांगा, परिपाठाला खुर्ची मागा. वर्गात उंच स्टूल ठेवा, फळ्यासमोर एक पाय लाकडी पाटावर आळीपाळीने ठेवा, मधल्या सुट्टीत पाच मिनिटं पाय बाकावर वर घ्या. लाज वाटण्यासारखं यात काही नाही, आणि वर्षानुवर्षं शिकवायचं असेल तर ही सोय तुमच्या शाळेलाही हवी आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचा नसेच्या जळजळीवर फारसा परिणाम होत नाही, आणि महिनोन्महिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड किंमत मोजतात. रात्रीच्या जळजळीला अॅमिट्रिप्टिलिनचा अगदी लहान डोस, ड्युलॉक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन यांपैकी काहीतरी तुमच्या डॉक्टरांशी बोलून सुरू करता येईल. यांतली पहिली दोन मुळात नैराश्याची औषधं म्हणून आली, त्यामुळे दुकानदाराने किंवा घरच्यांनी वाचून सांगितलं तर घाबरू नका. ती इथे नसेसाठी दिलेली असतात. गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नसतात.

रक्ताच्या तपासण्या एकदा पूर्ण करून घ्या: साखरेचा तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी, थायरॉइड आणि बी१२. गळ्यात माळ असेल, म्हणजे शुद्ध शाकाहार असेल, आणि दूध-दहीही कमी असेल, तर बी१२ कमी असण्याची शक्यता खूप असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी. आधीच उपाशी असलेली नस थोड्याशा दाबानेही खचते. कंबरेतली नस दबली असेल तरी तसंच होतं, म्हणून पाठ तपासल्याशिवाय फक्त घोट्याला दोष देऊ नये. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारतो, तुम्हालाही विचारतो: अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का? घोट्यामागची नस दोरीसारखी जाड लागते का? कुष्ठरोग देशाच्या पातळीवर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही, असं २००५ च्या शेवटी जाहीर झालं, पण रुग्ण सापडणं थांबलेलं नाही, आणि हीच नस त्याला आवडते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. फक्त कुणाच्या लक्षात यायला हवं.

युरिक अॅसिडबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण कुणीतरी नक्की सुचवेल. अहवालात आकडा थोडा वर असणं म्हणजे गाउट नव्हे. त्याचा झटका बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात, एका रात्रीत, लालभडक सूज घेऊन येतो. चार वर्षं हळूहळू वाढणारी टाचेची जळजळ तशी नसते. तेवढ्यासाठी डाळी सोडू नका.

रुईचं पान आणि तापवलेली वीट हा आपल्याकडचा जुना शेक. पुष्कळांना बरं वाटतं, आणि मी कुणाला हसत नाही. पण तुमच्या टाचेची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसलेला कळणारच नाही. डाग देणं तर अजिबात नको. विरळ गादीवरची जखम भरायला महिने लागतात. कोमट पाण्यात पाय बुडवायचे असतील तर पाणी आधी कोपराने बघा.

तिसऱ्या दुखण्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात, आणि बोलले तर चुकीचं बोलतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला आता वैद्यकात स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत त्याला वेगळं नाव आहे. कारण एवढा काळ इशारे येत राहिले, की मज्जारज्जू आणि मेंदू त्या वाटेवरचा आवाजच मोठा करून ठेवतात. मग चादरीचा स्पर्श टोचतो, झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं, घरात वाद झाला की टाच ठणकते. हे मनाचे खेळ आहेत, असं तुम्हाला कुणी म्हटलं असेल तर ते सपशेल चूक आहे. दुखणं शरीरातच आहे, फक्त ते आता टाचेपुरतं राहिलेलं नाही.

आणि याच काळात शरीर पाय वाचवायला शिकतं. टाच टेकवायची नाही, पाऊल लांब टाकायचं नाही, जिना टाळायचा. चार वर्षांत पोटरी बारीक होते. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजून बघा. भिंतीला हात लावून एका पायाच्या चवड्यावर किती वेळा उठता येतं तेही मोजा. तुमच्या वयाच्या निरोगी बाईला वीसएक वेळा जमावं. उजव्या पायाला चार-पाचच जमले तर मला नवल वाटणार नाही. कमजोर पोटरीचा सगळा भार टाचेवर आणि त्याच बोगद्यावर येतो, म्हणून ती परत कमवावीच लागते. सुरुवात दोन्ही पायांवर करा: तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली, आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडू नका, सपाट जमिनीवरच, आणि बूट घालून. महिन्याभराने भार हळूहळू उजव्या पायावर सरकवा.

किती दुखलं तर थांबायचं? दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालू द्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळइतकंच असलं पाहिजे. वाढलेलं असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, पुढच्या वेळी थोडं कमी. पावलांनाही हाच नियम. तुमच्यासारखे मेहनती लोक एक चूक नेमाने करतात: बऱ्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकायची, आणि मग तीन दिवस आडवं पडायचं. त्यापेक्षा बऱ्या दिवशीही साडेतीन हजारच, वाईट दिवशीही शक्यतो तेवढीच, पण दिवसभरात विभागून. दोन आठवडे हे जमलं, की आठवड्याला दहावा हिस्सा वाढवा.

शस्त्रक्रियेबद्दल विचारलंत. बोगद्यात नस दाबणारी दिसण्यासारखी वस्तू असेल, म्हणजे एखादी गाठ, चरबीचा गोळा, फुगलेल्या शिरांचं जाळं, तर शस्त्रक्रियेचा निकाल चांगला लागण्याची शक्यता जास्त. एमआरआयमध्ये असं काही नसेल, दुखणं जुनं असेल आणि पूर्ण पायभर पसरलेलं असेल, तर निकालाची खात्री कमी होते. प्रकाशित आकडे अभ्यासागणिक इतके वेगळे आहेत, की 'नव्वद टक्के बरं होईल' असं छातीठोक सांगणाऱ्याला मी तरी दोन प्रश्न जास्त विचारेन. शस्त्रक्रियेने नस मोकळी होईल, गादी परत येणार नाही, पोटरी आपोआप भरणार नाही. म्हणून आधी चार ते सहा महिने वरचं सगळं नीट करा. शस्त्रक्रिया ठरवण्याआधी सोनोग्राफीत बघत फक्त बधिरतेचं औषध नसेजवळ देऊन पाहता येतं. त्या काही तासांत किती दुखणं गेलं, यावरून नसेचा वाटा किती ते कळतं. नसांच्या तपासणीचा अहवाल 'नॉर्मल' आला तरी दबलेली नस नाकारता येत नाही, हेही लक्षात ठेवा. मात्र पावलाचं बळ झपाट्याने कमी होत असेल, बधिरपणा वर चढत असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा बदलला, तर महिने मोजत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. शेवटच्या कारणासाठी तर त्याच दिवशी.

चिडीचं काय करायचं. ती खोटी नाही आणि ती आवरा असं मी सांगणार नाही. सगळे कागद एकत्र करा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपण्याचंही. तुमच्या पहिल्या वर्षाच्या नोंदींना तीन वर्षं उलटून गेली असतील, तरी आजच लेखी मागा. कोणतं इंजेक्शन, किती मात्रा, कोणत्या तारखेला, हे पुढच्या उपचारासाठीही हवंच आहे. तक्रार करायची तर ग्राहक आयोगाकडे साधारण दोन वर्षांची मुदत असते आणि ती कधीपासून मोजायची ते वकील सांगेल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल हा वेगळा मार्ग आहे. पण कायदा प्रत्येक चुकलेल्या निदानाला निष्काळजीपणा मानत नाही. साधारण काळजी घेणाऱ्या डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का, हे तो बघतो. एकदा झालेली गफलत आणि दोन वर्षं गुण नसताना पाय न तपासता पुन्हा पुन्हा तेच इंजेक्शन, यांत फरक आहे, आणि तो तुमच्या कागदांत दिसेल.

तक्रार करा किंवा करू नका, पण त्या पहिल्या डॉक्टरांना नवा अहवाल पाठवाच. चार ओळींचं पत्र पुरे. त्या एसटी वाहकाने मला तो प्रश्न विचारला नसता, दुसरीकडे निघून गेला असता, तर मी अजून तसाच एक्स-रे बघत बसलो असतो. आम्हाला आमच्या चुका क्वचित कळतात, कारण नाराज झालेला रुग्ण परत येत नाही.

आयुष्यभर असंच राहणार का? असंच नाही. माझ्या अनुभवात या तीन दुखण्यांपैकी तिसरं सगळ्यात जास्त कमी होतं, नसेचं बऱ्यापैकी, आणि गादीचं सांभाळून घ्यावं लागतं. शून्य दुखणं मी कबूल करणार नाही. रात्री झोप लागणं, शाळेचा दिवस पार पडणं, संध्याकाळी मंडईत जाऊन येणं, हे मी बहुतेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

राहिली वारी. लोणंद ते फलटण दोन टप्प्यांत आहे, आणि पूर्ण अंतर यंदा डोक्यातून काढा. लोणंद ते तरडगाव मात्र आठ-नऊ किलोमीटरच आहे, म्हणजे तुमच्या पावलांत बारा-तेरा हजार. साडेतीन हजारांपासून आठवड्याला दहावा हिस्सा वाढवत गेलं तर कागदावर तेरा-चौदा आठवड्यांत तिथे पोचता. मी सहा ते आठ महिने धरतो, कारण मध्ये पावसाळी सर्दी येते, लग्नसराई येते, परीक्षा येतात, आणि दोन-तीन आठवडे वाया जातात. आषाढाच्या आधी सलग तीन आठवडे दहा हजार जमली आणि सकाळी वाढ नसली, तर जा.

दिंडीतला मोठा त्रास चालण्याचा नसतो, गर्दीत थांबून राहण्याचा असतो. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं तेव्हा तास-दीड तास लोक एका जागी उभे असतात. तिथे तुम्ही बसा, घडीचं स्टूल बरोबर कुणाला तरी घेऊ द्या, पाय हलवत राहा. अनवाणी चालायचा नवस असेल तर माउलीला सांगून बूट घाला. पाऊस असणार, म्हणून मोज्यांचे दोन जास्तीचे जोड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि भिजले की लगेच बदला. बरोबरच्या कुणाची तरी गाडी तरडगावला आधीच पोचलेली असू द्या, म्हणजे मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबता येईल. आणि तळावर पोचल्यावर चहाच्या आधी बूट-मोजे काढून दोन्ही तळवे नीट बघा, टाचेला फोड किंवा लाली आहे का ते बघा. तुमच्या टाचेला कळलं नाही तरी डोळ्यांना कळेल.